कुलूप लावलेलं मशीन

“खोटं वाटलं तर वाटू दे,” काका पोरांना म्हणाले, “पण घड्याळजी माझा शेजारी. त्याच्याच तोंडून ऐकलंय.” पोरं गच्चीवर आणखी जवळ सरकली.

नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार. रात्री अकराच्या सुमारास घड्याळजी मेहुण्याच्या ऑफिसात गेला. निमित्त साधं होतं. मेहुण्याच्या घड्याळाला नवा पट्टा घातला होता, ते पोचवायचं. जीव मात्र दुसरीकडेच अडकलेला. बायको उन्हाळ्यात गेली. दवाखान्यात पडल्या पडल्या ती फोनवर काहीबाही बोलून ठेवायची. नंतर फोन मेला. मेहुण्याने त्यातला आवाज कसाबसा वाचवला आणि ऑफिसच्या क्लाउडवरच्या, म्हणजे इंटरनेटवरून चालवायच्या भाड्याच्या संगणकांपैकी, एका मशीनवर चढवला. खरखर काढायचं काम तिथे आठवडाभर चालणार होतं. दुसरी प्रत नव्हती.

“रात्री काम ओसरलं की जादा मशीनं आपोआप बंद होतात, पुसली जातात,” मेहुण्याने तेव्हाच समजावलं होतं. “पण या एकाला मी कुलूप लावलंय, भाऊजी. मी काढल्याशिवाय ते निघायचं नाही. ताईचा आवाज आहे, थट्टा आहे का?”

आता मेहुण्याने घड्याळ घेतलं, पण मनगटाला बांधलं नाही.

“भाऊजी... ते मशीन गेलं.”

“गेलं म्हणजे?”

“काम ओसरलं. आपोआप गेलं.”

“आणि कुलूप?”

“निघालं असेल.”

“तू काढल्याशिवाय निघत नाही म्हणालास.”

मेहुणा स्क्रीनकडे बघत पुटपुटला, “शेवटच्या रात्री तिने मला तीनदा फोन केला. मी उचलला नाही. तेच बोललीये ती त्यात. तुम्ही ऐकलं असतंत...”

“ऐकलं असतं. रागावलो असतो. चार दिवसांनी चहाला बोलावलं असतं,” घड्याळजी म्हणाला. “पण तिचा आवाज तुझ्या एकट्याचा होता का रे?”

मेहुण्याने मान खाली घातली.

तेवढ्यात स्क्रीनवरच्या मशीनांच्या यादीत नवं मशीन उगवलं. त्याच जागी. कोरं.

त्यावर कुलूप.

“हे कुणी लावलं?”

“मी नाही...” मेहुण्याने ते काढलं.

लागलं.

“माझे हात बघा, भाऊजी. मी काही करत नाहीये.”

काढलं. लागलं.

पुन्हा काढलं...

लागलं.

चौथ्यांदा त्याचा हात पुढे गेला नाही. यादीतली बाकीची मशीनं एकेक करून विझत गेली. ते एकटं जळत राहिलं.

काका थांबले.

“मग?” पुतणीने हळूच विचारलं.

“मेहुण्याने नोकरी सोडली. घड्याळजी त्याच्या दारात पुन्हा गेला नाही.”

“आणि मशीन?”

“ऑफिसातले सांगतात, आत काहीच नाही. कोरंच आहे. रात्री सगळी जातात...” काकांनी अंधारात कुठेतरी पाहिलं. “ते जात नाही.”