बबिताच्या नावाची लापशी

ऐका व बायाहो, ऐका रे पोट्टेहो! यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं त माही जीभ झडो, मेल्यावर मले कोणी पाणी न पाजो. सेवालाल महाराजाची आन घेऊन सांगते.

पुसदपासून घंटाभर लांब आमचा तांडा. यंदाच्या दिवाळीचा पाडवा. सकाळचे सात.

रातबी नाई, अंधारबी नाई. चांगलं लख्ख उजाडलं होतं.

हंसाबाईची एकच पोरगी, बबिता. आभायात थे स्टेशन फिरते न, माणसं राह्यतात ते? परदेशातून तिथं यान जाणार होतं. चार जणं. त्यातली एक आमची बबिता. सा महिने वर राह्याले चालली होती. निघाले सा दिवस उरले होते.

पुतण्या देवीलाल रोज चिडवे, "काकी, स्टेशन आहे त एसटी थांबते का व तिथं? वापस याची गाडी किती वाजता?"

हंसाबाई हासे. पण रातरात झोपे नाई.

पाडव्याले आमच्या बंजाऱ्यात धबुकार असते. घरातल्या मेलेल्या माणसाचं एकेक नाव घ्याचं, गुळाच्या लापशीचा एकेक घास निखाऱ्यावर टाकाचा, वरून तूप. ज्याचं नाव, त्याले घास पोचते. पहिले हरिसिंग टाके, हंसाबाईचा नवरा. थो गेला तवापासून हंसाबाईच टाकते. मी शेजारची. बाजूलेच बसली होती.

सासऱ्याचं नाव. चर्र.

सासूचं. चर्र.

दिराचं. चर्र.

हरिसिंगचं. चर्र.

अन् मंग... हंसाबाईची जीभ घसरली.

"बबिता."

घास हातातून सुटला.

आवाज नाई.

चर्र नाई. धूर नाई. वास नाई.

तिनं चिमट्यानं निखारे उकरले. चार काळे गोळे सापडले. पाचवा... नव्हताच. राखबी नाई.

"मावशी, हे काय झालं व?"

"काही नाई होत," मी म्हणली. "पोट्टी जित्ती आहे. घास जाईन कुठं?"

चार वाजता बबिताचा व्हिडिओ कॉल आला. यानात जाणाऱ्याले आधी पंधरा दिवस कोंडून ठेवतात, सर्दी-खोकला लागू नये म्हणून. तिथूनच थे बोले.

"याडी, एक गंमत सांगू? कोणाले सांगजो नको." याडी म्हंजे आमच्या बोलीत आई.

"सांग न."

"आज तालीम होती. अंगात सूट, डोक्यात हेल्मेट, समोरची काच बंद. हवा नळीतून येते. बाहेरचा वास येऊच शकत नाई. अन्... तुह्या लापशीचा वास आला."

हंसाबाईनं चुलीकडं पाह्यलं.

"किती वाजता?"

"तुमच्याकडं सात वाजले असन. थांब न, गंमत त पुढंच आहे. हातमोजा काढला त... बोटाले काहीतरी चिकट. कोमट."

"धुतलं न, बाई?"

"चाटलं."

हंसाबाईनं फोन तोंडाजवळ ओढला.

"गोड होतं याडी. थोडं जळकं. गूळ जास्तच टाकते तू."

पोरगी खुदुखुदु हासून राह्यली होती.

"बबिता, जाऊ नको."

"लग्न करून निघाली असती तरी हेच म्हणली असती तू."

"मंग डॉक्टरले त सांग."

"येडी का? नसलेला वास येते म्हणलं का उतरवलंच मले. तयारीले दहा वर्स झाले याडी. दहा वर्स."

फोन बंद.

मेलेल्याचा घास जित्या माणसानं खाल्ला. याले उतारा काय, मलेबी मालूम नाई. अन् तांड्यात माह्याहून बुढी कोणी नाई.

घरच्यायसाठी तिथल्या एका मॅडमचा नंबर दिलेला होता. दोन दिवस हंसाबाई थो कागद मुठीत धरून बसली. सांगितलं त पोरीचे दहा वर्स मातीत. नाई सांगितलं त पोरगीच.

तिसऱ्या दिवशी तिनं फोन लावला. तिकडून उचलला.

"हॅलो मॅडम, मी बबिताची आई..."

बोलणं नाई. निसतं...

चर्र.

निखाऱ्यावर तूप पडल्यावानी.

सात खेपा लावला. साती खेपा चर्र.

मंग देवीलालनं आपल्या फोनवरून लावला. मॅडम लगेच बोलल्या, हिंदीत, गोड आवाजात. हंसाबाईनं घाईघाईनं फोन हातात घेतला, कानाले लावला अन्...

चर्र.

"तूच सांग रे बापू!"

"काय सांगू काकी? पोरीनं लापशी चाटली, यान थांबवा?"

या वेळेस थो हासत नव्हता. तरी सांगितलं त्यानं. सगळं सांगितलं. मॅडमनं ऐकूनबी घेतलं.

"माताजी से कहिए, चिंता ना करें. सब माँओं को ऐसा ही लगता है."

झालं. आता उद्या सकाळी यान सुटते. हंसाबाई चुलीसमोरून उठत नाई. जेवण आणून देल्लं त तसंच राह्यते.

आता एक सांगते. शपथ घेतली खरी, पण एक गोष्ट मी बनवून सांगितली.

हंसाबाईची जीभ घसरली नव्हती.

तिले सगळ्यायचे नावं ध्यानात राह्यत नाई. म्हणून दरसाल मी नाव सांगते अन् थे माह्या मागं म्हणते. त्या दिवशी चार नावं झाले. वाटीत लापशी उरली होती. मले मेलीले गंमत कराची खोड. म्हणलं, एवढी वर चालली पोट्टी, तिलेबी एक घास. अन् मी म्हणली, "बबिता."

जागरणानं हंसाबाईचे डोळे मिटून राह्यले होते. तिनं माह्या मागं म्हणलं. घास टाकला.

नाव मीच सांगितलं, हे तिले मालूम आहे. पण थे कोणाले बोलली नाई. मलेबी नाई.

काल सांजेले मी म्हणली, "शिव्या दे व मले. मार दोन. पण बोल न काही!"

तिनं चिमट्यानं निखारे सारखे केले. मंग हळूच म्हणली...

"परवा सकाळी येजा मावशी. पाची नावं सांगाले."