ब्राँझच्या व्हॉल्व्हवरचा थेंब

हातोडीचा हलकासा टोला... आणि बोटीच्या तळाचं पाण्याचं भोक उघडणारा-मिटणारा व्हॉल्व्ह बिस्किटासारखा तुटून तिच्या हातात आला!

ती बोटदुरुस्तीच्या कारखान्यातली फिटर. तुटल्या जागेचा गुलाबी भुगा तिनं बोटांवर चोळून पाहिला. बोटीचा मालक, पलीकडच्या किनाऱ्यावरचा एक तरुण मास्तर, शेजारी आ वासून उभा होता.

"कालच आईला यातून फिरवून आणलं हो!"

"पितळ आहे हे. खाऱ्या पाण्यानं त्यातलं जस्त खाऊन टाकलंय. बसवलं कुणी?"

"मामांनी. घरातल्या नळांतला एक उरला होता..." तो मटकन खाली बसला. "मामांचं पितळ उघडं पडलं म्हणायचं."

तिला हसू आवरेना. झालं, तिथंच ती घसरली!

मग शाळा सुटली की मास्तर हजर.

"स्टेनलेसचा बसवू या? दिसतो छान."

"दिसण्यावर भाळू नका. फटीत पाणी साचलं की गुपचूप पोखरला जातो. ब्राँझचा साधा, पण टिकाऊ."

"तुमच्यासारखा?"

"मी साधी दिसते?"

"नाही... म्हणजे—" मास्तरचे कान लालेलाल.

बोट पाण्यात सोडायचा दिवस उजाडला. कारखान्याचा नियमच होता, व्हॉल्व्ह ज्यानं बसवला त्यानं तेव्हा आत बसायचं, त्यावर हात ठेवून. ती तळाशी वाकून बसली. मास्तरही मागोमाग उतरला. वर क्रेनवाल्या काकांनी बोट हळूहळू खाली सोडली. आता हा बोट घेऊन जाणार, मग कशाला येतोय इकडे... तिचा जीव कासावीस झाला.

टप्!

तिच्या हातावर थेंब. गळतंय! म्हणजे बोट पुन्हा वर, म्हणजे हा आणखी आठवडाभर...

आणि ती हादरलीच. आपलंच काम फसावं असं वाटलं? आपल्याला?

तिनं टॉर्च मारला. ब्राँझचा व्हॉल्व्ह कोरडा ठणठणीत. दुसरा थेंब पडला तो मास्तरच्या कपाळावरून.

"एवढा घाम? बोटीची भीती वाटते?"

"बोटीची नाही... तुमची. बोट तर बरी झाली. तरी मी रोज आलो... तर चालेल?"

"मघाशी मला वाटलं, गळावं," ती पुटपुटली. "म्हणजे तू थांबशील."

मास्तरचा पुन्हा आ वासलेला!

"गळतंय का गं?" वरून काका ओरडले.

"नाही काका!" तिनं मास्तरचा हात घट्ट धरला. "पण अजून जरा... बघतोय आम्ही!"