भट्टीवरचा रस्ता

रोहिणीची स्कूटी पंक्चर झाली ती नेमकी दापोरा गावाजवळ. ती वैतागून खाली उतरली, तर पायाला एक काळा दगड लागला. दुसरी कुणी असती तर दगडाला दोन शिव्या घालून पुढे गेली असती. ही बाई चक्क खाली बसली! दगड उचलला, कोवळ्या उन्हात धरला, त्यावरचे गोठलेले ओघळ बोटांनी चाचपले आणि स्वतःशीच हसली.

"मॅडम, तो दगड तिथंच राहू द्या. आमच्या रस्त्याचा आहे."

केळीच्या बागेतून एक उंच, उन्हानं रापलेला तरुण बाहेर आला होता. शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग, हातात कोयता, आणि डोळ्यांत मात्र कोयत्याला अजिबात न शोभणारं हसू.

"दगड नाहीये हा. कीट आहे," रोहिणी म्हणाली. "लोखंड गाळताना जो मळ वितळून बाहेर वाहतो ना, तो. इथं कधीतरी भट्टी होती!"

"असेल की. आमच्या शेतात ढीगच होता याचा. बाबांनी रस्त्यात भरून टाकला."

"रस्त्यात?" रोहिणीचा जीव खालीवर झाला. "अहो... काही उरलाय का?"

"थोडा आहे बांधाला. चला, दाखवतो. पंक्चरचंही बघू. माझं नाव चुडामण."

तिनं ओठ दाबले, पण हसू सुटलंच.

"हसा, हसा. आजोबाचं आहे," तो म्हणाला. "सेकंडहँड आहे, पण कंडिशन चांगली आहे."

रोहिणी नेपानगरची. वडील कागद कारखान्यात मशीनवर होते, महाराष्ट्रातून येऊन तिथंच रुजलेले. पोरगी धातूंचं इंजिनिअरिंग शिकली तेव्हा साऱ्या कॉलनीला कौतुक वाटलं. पण शिकून सवरून ती नोकरी सोडून जुन्या भट्ट्यांची राख उकरत का फिरते, हे मात्र कुणाच्याच डोक्यात शिरत नव्हतं. तिच्या संशोधनाचं सगळं घोडं एका प्रश्नावर अडलं होतं : तापीकाठी लोखंड गाळणारे लोक नक्की कोणत्या काळातले? उत्तर भट्टीतल्या कोळशात होतं; त्याचं वय लॅबमध्ये काढता येतं. पण तो कोळसा गाळणाऱ्यांनी सोडला तसाच, कुणाचा हात न लागलेला मिळायला हवा. आणि इथं तर इंच इंच जमिनीवरून नांगर फिरलेला. "उन्हाळ्याआधी मिळालं नाही, तर प्रबंधातून तापीकाठ काढून टाका," असं तिच्या सरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

बांधाच्या कोपऱ्यातल्या ढिगाखाली तिला अर्धी फुटलेली भट्टी सापडली. मग काय, रोज सकाळी स्कूटी दापोऱ्याला! ती ब्रशनं माती झटकायची, तो चाळायचा. खरं तर त्याला बागेत ढीगभर कामं होती. पण ठिबकच्या नळ्या तपासायला म्हणून तो यायचा आणि त्या कोपऱ्यातल्या नळ्या काही केल्या तपासून व्हायच्या नाहीत.

"चुडामणभाऊ, जरा ती पिशवी द्या."

"देतो. पण एक सांगू? भाऊ नका म्हणू."

"का? इकडे सगळे सगळ्यांना भाऊ म्हणतात."

"सगळे म्हणू द्या ना... तुम्ही नका म्हणू."

बोलून तो घाईघाईनं माती चाळू लागला. रोहिणीनं मान खाली घातली. थंडीचे दिवस होते, तरी तिचे कान तापले. त्यानंतर तिनं त्याला भाऊ म्हटलं नाही. नावानंही हाक मारली नाही. "अहो, ऐकता का" असं ती म्हणू लागली, आणि हे भलतंच झालं हे दोघांनाही कळत होतं. पण सुधारायची घाई कुणालाच नव्हती.

दुपारी त्याची आई, रंभाबाई, कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन यायची. "खाय व माय, मातीत हात घालून घालून वाळून चालली तू," असं म्हणत रोहिणीच्या पुढ्यात आणखी एक भाकरी टाकायची. कोण कुठली पोर, यांच्या शेतात खड्डे करते, आणि ही माणसं तिला जेवायला घालतात! रोहिणीला भरून यायचं. आभार मानले की रंभाबाईला राग यायचा.

भट्टीच्या तळातला कोळसा, राख लागलेले दगड, भात्याच्या मातीच्या नळ्यांचे तुकडे, सगळं थराथरानं वेगवेगळ्या पिशव्यांत भरून झालं. पिशव्या त्याच्या केळी पॅकिंगच्या शेडमध्ये ठेवल्या. आणि नेमका रोहिणीला ताप आला. ती घरी अंथरुणाला खिळली.

बरी होऊन ती आली, तेव्हा चुडामण शेडच्या दारातच उभा होता. नवा शर्ट घालून.

"तुमच्यासाठी सरप्राइज आहे," तो म्हणाला.

शेडमध्ये केळीचे खोके ओळीनं मांडले होते. आत फोमवर तिचे दगड. लख्ख काळे, चकचकीत! नळ्यांचे तुकडे एकावर एक नीट रचलेले, जणू एक्सपोर्टचाच माल.

"फिटकरीच्या पाण्यात धुतले," तो अभिमानानं सांगू लागला. "आमच्याकडं काहीही बिना धुतलं खोक्यात जात नाही. किती माती होती त्याला! काळा चुरा तर निघता निघत नव्हता. घासून घासून..."

"काळा चुरा?" रोहिणीचा आवाज एकदम लहान झाला. "कुठंय तो?"

"कुठं म्हणजे... हौदातून वाहून गेला ना."

"तो कोळसा होता! तेवढाच होता माझ्याकडं!" ती ओरडलीच. "ही केळी आहेत का? विचारायचं तरी एकदा... तुम्हाला काय वाटलं, मी इथं दगड चमकवायला येते?"

त्याचा चेहरा उतरला. "गलती झाली," एवढंच तो म्हणाला. ती खोक्यांना हात न लावता निघून गेली.

घरी येऊन ती खूप रडली. सविताबाईंनी, म्हणजे तिच्या आईनं, सगळं ऐकून घेतलं आणि मग शांतपणे विचारलं, "एकेक दगड त्यानं फोममध्ये ठेवला?"

"हो."

"तुला ताप होता म्हणून?"

"...हो."

"आणि अशा माणसाला तू ओरडून आलीस. शाबास!"

कोळसा गेला याचं दुःख होतंच, पण त्याचा उतरलेला चेहरा काही केल्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. दोनचार दिवस तिनं कसेबसे काढले आणि माफी मागायला म्हणून स्कूटी काढली.

दापोऱ्याला पोचली तर बागेत घडांची कापणी चाललेली. पण एकही ट्रॅक्टर आत नाही! बायका-माणसं खांद्यावर घड घेऊन शेजारच्या अरुंद बांधावरून पार डांबरी सडकेपर्यंत चालत होती. चुडामणचे वडील रामदासही त्या रांगेत होते. आणि बागेत जाणारा रस्ता... मधोमध उखडलेला.

"काय झालं हो हे?" तिनं रंभाबाईला गाठलं.

"काय व्हायचं? पोराचं डोकं फिरलं," रंभाबाई घाम पुसत म्हणाली. "यांनी रस्ता बांधला तेव्हा खाली एक जळालेला गोल होता. वरून कीट टाकून बुजवला होता. परवा जेवताना मी सहज बोलून गेली, तर हा ताटावरूनच उठला. म्हटलं, अरे कापणी तर होऊ दे! तोवर मॅडमची मुदत संपली तर, म्हणे."

रोहिणी धावतच त्या खड्ड्यापाशी गेली. वरची कीट बाजूला काढलेली, भोवती सुतळी बांधलेली. मधला भाग केळीच्या पानांनी झाकलेला. चुडामण काठावर उकिडवा बसला होता.

"धुतलं नाही," तो पटकन म्हणाला. "काळं दिसलं तसा थांबलो. हातपण नाही लावला."

तिनं पान उचललं. भाजलेल्या लाल मातीचं सबंध कडं, आणि त्यात तसाच निपचित पडलेला कोळसा. इतकी वर्षं त्यावरून ट्रॅक्टर गेले, पण नांगर लागला नव्हता. तिला एकदम सगळ्यांचेच आभार मानावेसे वाटले. हा कोळसा जाळणाऱ्यांचे, नकळत त्यावर पांघरूण घालणाऱ्या रामदासकाकांचे, भर जेवणात बोलून गेलेल्या रंभाबाईंचे. डोळे भरून आले, ते तिनं बाहीनं पुसले. तिनं श्वास आवरला, चिमट्यानं कोळशाचे तुकडे उचलून पिशवीत बंद केले. तोवर तो श्वाससुद्धा जपून घेत होता.

"मी फार बोलले त्या दिवशी," ती म्हणाली. "आणि तुम्ही... ऐन कापणीत रस्ता खोदलात. चुकीची भरपाई एवढी कुणी करतं का?"

"भरपाई नाही केली मी." तो मातीकडे बघत राहिला. "भरपाईत माणसाचा फायदा असतो काहीतरी. इथं तर माझं नुकसानच आहे."

"केळीचं?"

"केळी जातील ना खांद्यावरून. तसं नाही... कोळसा नसता मिळाला, तर तुम्ही निदान उन्हाळ्यापर्यंत शोधायला येत राहिल्या असत्या. आता मिळाला. काम संपलं, तुम्ही जाणार. हे सगळं समजून खोदलं मी." त्यानं वर पाहिलं. "आवडता तुम्ही मला. खूप."

बागेत पानं सळसळली. बांधावरून कुणीतरी घड घेऊन गेलं. रोहिणीनं हातातली पिशवी छातीशी धरली.

"कोळसा लॅबला जातो, चुडामण. कुरिअरनं." ती हळूच म्हणाली. "त्याच्यासोबत मला जावं लागत नाही."

त्याला कळायला जरा वेळ लागला.

"म्हणजे... तुम्ही?"

"मी इथंच. तुझ्याजवळ." आणि 'तू' म्हटल्यावर मात्र तिला हसूही आलं आणि रडूही. "थँक यू म्हणायला आले होते रे... ते फारच लहान पडतंय."

"अरे ए!" बांधावरून रंभाबाई ओरडली. "माल उन्हात पडलाय, अन् तुम्ही बसून काय राहिले?"

चुडामण धडपडत उठला. रोहिणीनं कोळशाची पिशवी बॅगेत जपून ठेवली, ओढणी घडी करून खांद्यावर घेतली आणि वाकून उभी राहिली.

"ठेव," ती म्हणाली.

"जड असतो."

"ठेव रे."

त्यानं त्यातल्या त्यात लहान घड निवडून अगदी अलगद तिच्या खांद्यावर ठेवला, आणि दुसरा स्वतः उचलून तिच्या मागोमाग बांधावर चढला.