अजून एक नाव

कंदील जरा इकडे सरकवा, वारा लागतो तिकडून. हं. आता ऐका.

शहाऐंशी साल होते, माघातली थंडी. बापूजी हे आमचे पांढुर्ण्याचे संत्र्याचे व्यापारी. त्यांचा माल रेल्वेच्या वॅगनने कलकत्त्याला जायचा आणि मालासोबत एक माणूस जायचा, पेट्या नीट उतरतात की नाही ते पाहायला. त्या वर्षी त्यांनी मला पाठवले. मी चौथी शिकलेला, नागपूरच्या पुढे कधी गेलो नव्हतो.

पण माझी छाती धडधडत होती ती कलकत्त्यासाठी नाही. माझा थोरला भाऊ गुणवंता सोळा वर्षांपूर्वी याच कामाला, याच वाटेने गेला होता. परत आला नाही. पत्र नाही, निरोप नाही. त्याची बायको पंचफुला, माझी वहिनी, आमच्याच घरी राहून त्याची वाट पाहत होती. लोक म्हणायचे, आता कुंकू पूस. ती पुसत नव्हती. आणि मी जायच्या त्याच हंगामात आमच्या गावचा नत्थूजी आधीचा माल पोचवून परतला, तो सरळ आमच्या अंगणात आला.

"शालिक, तुया भाऊ दिसला मले! मोठ्या बजाराच्या मांगं इंग्रजाच्या काळातला दारूचा बार हाये. गोरे लोक फोटो काढाले येतात तिथं. कोपऱ्यात बसून होता. मी खिडकीतून हाक मारली, त् मुंडी हालवली त्यानं."

"मंग आत काऊन नाही गेला?"

"मले कोण घेते आत? धोतर पाहूनच दरवानानं हाकललं."

वहिनी चुलीपाशी उभी राहिली. हातातले पीठ तसेच. मी निघालो तेव्हा फाटकापर्यंत आली.

"भाऊजी, त्याइले घेऊनच या जी. अन् नसन यायचं, त् तसं तरी सांगा. मले अशी अधांतरी नका ठेवू."

मी बापूजींच्या मुलाची पँट उसनी घेतली होती. ती कमरेत सैल होती, म्हणून सुतळीने बांधली. दोन दिवस, दोन रात्री झोप आली नाही. खिडकीतून नद्या जायच्या, ताडाची झाडे जायची, आणि मी मनात घोकत होतो: आधी पाया पडायचे, मग रागवायचे. की आधी रागवायचे? लहान पोरासारखे झाले होते मला.

माल उतरला. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता मी त्या बारच्या दारात उभा होतो. दरवानाने माझी पँट पाहिली, सुतळी त्याला दिसली नाही, आणि दार उघडले.

काय सांगू तुम्हाला! छत इतके उंच की पंखे लांबच लांब दांड्यांवरून खाली सोडलेले. काळ्या लाकडाचा गल्ला, त्याच्या खाली पाय टेकायची पितळेची नळी, सोन्यासारखी घासलेली. भिंतीवर मेलेल्या साहेबांची चित्रे. गोऱ्या बाया, गोरे पोरगे हसत होते, कॅमेरे चमकत होते. वास मात्र वेगळा होता. मेणाचा, शिळ्या दारूचा आणि खालून कुठूनतरी, सडू लागलेल्या संत्र्याचा. मला वाटले, माझ्याच अंगाला लागला असेल, वॅगनमधला.

आणि कोपऱ्यात, खिडकीजवळ, माझा दादा.

मी धावलोच. रागवायचे विसरलो. पाया पडायला वाकलो तर त्याने पाय टेबलाखाली ओढून घेतले.

"बस शालिक," तो म्हणाला. "लय वाट पाहाले लावली."

तो अगदी तसाच होता. डोक्यात एक पांढरा केस नाही. माझे अर्धे पिकलेले. मला त्याचेही हसू आले. म्हटले, "दादा, इथलं पाणी मानवलं गड्या तुले!"

तो हसला नाही. त्याचे ओठ फाटलेले होते, उन्हाळ्यातल्या शेतासारखे.

"पंचफुला?"

"वाट पाहून राहिली. चाल घरी. आजच्या गाडीनं चाल."

वेटर आला. मी दोन ग्लास सांगितले, दोन बोटे दाखवून. त्याने एकच आणला. मी तो दादापुढे सरकवला. दादाने परत माझ्याकडे सरकवला.

"आधी देऊन घे," तो म्हणाला.

ही आमच्या घरची रीत. पहिला घोट घेण्याआधी ग्लासात बोट बुडवायचे, घरातल्या गेलेल्या माणसाचे नाव घ्यायचे आणि थेंब भुईवर सोडायचा. एका नावाला एक थेंब. मी गडबडीत विसरलो होतो. बोट बुडवले. "बाबा," म्हटले. थेंब फरशीवर पडला. "माय." दुसरा पडला. "सखाराम काका." तिसरा. मग ग्लास उचलला.

"अजून एक," दादा म्हणाला.

"अजून कोण? संपले ना सारे."

त्याने ग्लासाकडे बोट दाखवले. आजूबाजूला गोरे लोक हसत होते, पण ते हसू आता दुसऱ्या खोलीतून यावे तसे येत होते...

"दादा... कोण?"

"सोळा वर्षं झाली, शालिक. सारे पितात इथं. मले थेंब नाही भेटला." तो हळू बोलत होता. "आपल्या माणसानं दिल्याशिवाय भेटत नाही."

तेवढ्यात एक गोरी पोरगी आली, मला पाहून हसली, आणि खांद्यावरची जड पिशवी तिने दादाच्या खुर्चीवर ठेवली. तो उठला नाही. पिशवी खुर्चीच्या बैठकीला टेकली. तो तिथेच बसून होता.

पोरीने फोटो काढला, पिशवी उचलली, गेली. मी हातातला ग्लास टेबलावर ठेवला.

"घे नाव," दादा म्हणाला. "एका थेंबाचं काम हाये."

मी बोट बुडवले. खरेच बुडवले. त्याचे ओठ पाहवत नव्हते मला. त्यानेच मला पोहायला शिकवले होते, जाम नदीत, स्वतःच्या पाठीवर घेऊन. पण नाव ओठांवर आले आणि मला फाटकापाशी उभी असलेली वहिनी दिसली. मी नाव घेतले की ती विधवा. माझ्या तोंडाने.

मी बोट पँटला पुसले.

"नाही दादा. मी नाही घेणार. तू मेला नाहीस."

त्याने माझ्या पुसलेल्या बोटाकडे पाहिले. मग पहिल्यांदा हसला. ओठ आणखी फाटले, पण रक्त आले नाही.

"नाही म्हणतो ना तू? मंग मले घरी यावं लागन."

मी डोळे पुसले तेवढ्यात खुर्ची रिकामी झाली. वेटरने फडके मारून टेबल पुसले. मी त्याला विचारले, इथे बसला होता तो माणूस कुठे गेला? तो म्हणाला, "बाबा, आप तो अकेले बैठे थे."

परतीच्या गाडीत मी एकच ठरवत होतो. वहिनीला म्हणायचे, दादा नाही भेटला, नत्थूजीची नजर चुकली. ती रडेल, पण कुंकू राहील. पांढुर्ण्याला उतरलो तेव्हा लख्ख दुपार होती. मी जवळजवळ पळतच घरी गेलो.

वहिनी अंगणात होती. हिरवे लुगडे, केसात शेवंती. सोळा वर्षांत तिला असे पाहिले नव्हते. मी तोंड उघडले, तर तिने घाईने ओठांवर बोट ठेवले.

"हळू बोला, भाऊजी. आताच निजले."

ती लाजली. आत गेली, आणि तिने दाराला आतून कडी घातली.

मी उन्हात उभा होतो. आत खाटेची सुतळी करकरली, कोणीतरी कूस बदलावी तशी. मग वहिनीचा आवाज आला, मायेचा, दबका.

"अहो... पाय किती गार पडले तुमचे..."

उत्तर मला ऐकू आले नाही. पण वहिनी हसली.