पडद्याआड उभा राहिलेला सभासद

दिवे गेले आणि मामांना गोष्ट सांगायला आयतंच निमित्त मिळालं. विधानभवनात पहारा देण्यात त्यांचा जन्म गेलेला.

“पोरी, उद्यापासून तू तिथली चित्रं दाखवून पाहुण्यांना सभागृहाचा इतिहास सांगणार ना? मग हे ऐकूनच जा.”

“मामा, नको. ती स्वतःच्या ओढणीलाही दचकते,” दादा म्हणाला.

तिने मुकाट्याने ओढणी आवरली. उद्याची धास्ती आधीच होती.

“चित्रं दुरुस्त करणाऱ्या एक बाई माझ्या चांगल्या ओळखीतल्या. अधिवेशनाच्या आदल्या रात्रीची गोष्ट. बाहेर टिपूर चांदणं. अध्यक्षांच्या खुर्चीमागे पहिल्या बैठकीचं मोठं चित्र आहे, ते सकाळच्या आत साफ करायचं. जमलं तर नोकरी कायम, नाहीतर घरचा रस्ता. चित्रात सगळे सभासद अध्यक्षांकडे तोंड करून बसलेले, मागे जांभळा पडदा. बाई कापसाच्या बोळ्याने जुनं वार्निश उतरवत होत्या. बोळ्यावर पडद्याचा रंगच यायला लागला. तिथेच थांबायचं की नाही? पण हात थांबेना. पडद्याखालून एक माणूस निघाला. उभा. तोंड उघडं.”

“कोण?” तिने विचारलं.

“जुनी माणसं सांगायची, तो बोलायला उठला, पण अध्यक्षांनी त्याला ‘बोला’ म्हटलंच नाही. पुढे सदस्यत्व गेलं, आणि चित्रातही त्याच्यावर पडदा रंगवला. सभागृहाचा रिवाज असा, की खुर्चीवरून ‘बोला’ आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

“बाईंचं धाबं दणाणलं. चित्र बिघडवल्याचा ठपका येणार! त्यांनी घाईघाईने पडदा पुन्हा रंगवला. ब्रश धुऊन बघतात तर… तो उभाच. परत रंगवला. परत उभा. आणि मग मागे, रिकाम्या बाकांवर… कुणीतरी घसा खाकरला.”

मामांनी आवाज खाली आणला. दादा जवळ सरकला.

“बाई वळल्या नाहीत. पुन्हा खाकरला. जवळून… शेवटी अध्यक्षांच्या खुर्चीला हात टेकवून त्या कशाबशा म्हणाल्या, ‘बोला.’”

“काय बोलला तो?”

“ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. रात्रभर ऐकत होत्या, एवढंच. सकाळी दार मी उघडलं. चित्रातला पडदा पुन्हा अखंड. नोकरी कायम झाली, पण बाईंनीच सोडली. मीही त्यानंतर त्या चित्राकडे मान वर करून बघितलं नाही.”

तिने चाचपडत मोबाईल उघडला. उद्याच्या तयारीसाठी तिने दुपारीच त्या चित्राचा फोटो घेतला होता. तेव्हा वाटलं होतं, असेल चित्रकाराची लहर.

“मामा… ते सगळे कुठे बघत होते म्हणालात?”

“अध्यक्षांकडे. का गं?”

तिने फोटो पुढे केला. मामांनी चष्मा लावला… आणि मोबाईल डोळ्यांजवळ नेला.

एकूण एक सभासद, खुद्द अध्यक्षसुद्धा, माना वळवून पडद्याकडे बघत होते. कान देऊन.