परतीचं माप

मला गाडी चालवता येत नाही. मोजता येते.

चौतीस वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजल्या. भाऊ भावाच्या उरावर बसलेला असताना मधोमध साखळी टाकून उभी राहिले, दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या, पण वहीत खोटा आकडा कधी लिहिला नाही. निवृत्त झाले तेव्हा ऑफिसातल्या मंडळींनी मला एक घड्याळ दिलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, मला लहानपणापासून फूटपट्टी म्हणतो. वहिनी मला वन्सं म्हणते, पण चिडली की मगच. गेली काही वर्षं मी त्यांच्याकडेच राहते, त्यामुळे हा शब्द बऱ्याचदा कानावर पडतो.

दादा पंप दुरुस्त करायचा. एका मंगळवारी सकाळी तो पायात चपला सरकवून कोपऱ्यावरून बिस्किटं आणायला गेला आणि परत आला नाही. भांडण नाही, आजार नाही, चिठ्ठी नाही. पोलिसांनी फोटो नेला. पहिले पंधरा दिवस ते आम्हाला फोन करायचे, मग आम्ही त्यांना करायला लागलो.

गाडी शेडमध्येच होती. एकोणीस वर्षं दादाने ती कोणाच्या हाती दिली नव्हती. नटबोल्टसुद्धा स्वतः आवळायचा. वहिनीने ती बाहेर काढली आणि दवाखाने, बसस्थानकं, सगळं पालथं घातलं. चौथ्या दिवशी ती घरी आली ती दोन्ही मनगटं चोळतच.

"वन्सं, ही गाडी डावीकडे ओढते."

अलाइनमेंटवाल्याने गाडी तीनदा मशीनवर घेतली. तिन्ही वेळा पडद्यावर चारही चाकं हिरवी दिसली. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "गाडीत काही नाही हो. माणूस टेन्शनमध्ये असला की स्टिअरिंग एका बाजूला ओढतो. तुमच्या हातांत आहे ते."

त्या संध्याकाळी वहिनीने जाहीर केलं की गाडी विकायची. गिऱ्हाईक रविवारी येणार होतं. तिच्या खोलीत गेले तर दादाचे शर्ट घड्या घालून खोक्यात भरलेले दिसले. छत्तीस दिवस झाले होते. ती गाडी विकत नव्हती, वाट बघणं सोडत होती. ते मला बघवलं नाही. मला दादा हवा होता, आणि तो येईपर्यंत कोणीही त्याच्या वस्तूंना हात लावायला नको होता.

"रविवारपर्यंत थांब," मी म्हणाले. "मी मोजते."

"मशीनने मोजली की."

"आणि मशीनला कोणी मोजलंय?"

शर्टांचं खोकं तिने पायाने पलंगाखाली सरकवलं.

अवजारं बनवायला मला दीड दिवस लागला. वायरिंगचे दोन पाइप सारख्या लांबीचे कापले, दोन्हींना टोकांशी अगदी सारख्या अंतरावर खाचा केल्या. एक पाइप गाडीच्या पुढे, एक मागे, रंगाच्या डब्यांवर ठेवला आणि खाचांमधून मासे पकडायचा दोरा ताणला. गाडीच्या दोन्ही अंगांना दोन समांतर रेघा झाल्या. आता स्टीलच्या पट्टीने दोऱ्यापासून चाकाची पुढची कड मोजायची, मागची कड मोजायची. चाक तिरकं असेल तर आकडे वेगळे येतात. चाक उभं आहे की कललंय ते बघायला गवंड्याचा ओळंबा घेतला. जमीन सपाट आहे का ते पाण्याच्या नळीने पाहिलं. राहिली एकच गोष्ट: चाकं जमिनीला धरून न राहता मोकळी फिरायला हवी होती. त्यासाठी फरशीवाल्याकडून आठ गुळगुळीत फरश्या आणल्या. पुढच्या प्रत्येक चाकाखाली दोन, मध्ये बोटभर ग्रीस. मागच्या चाकांखाली तशाच दोन, पण कोरड्या, उंची सारखी राहावी म्हणून.

वहिनी दारात उभी राहून बघत होती. "स्वयंपाकघरातलं काही लागणार असेल तर आधी विचारा," ती म्हणाली. महिनाभरात तिने केलेली ती पहिली थट्टा. मला इतकं बरं वाटलं की मी उलट उत्तरही दिलं नाही.

मापं घेतली. चारही चाकं अर्ध्या मिलिमीटरच्या आत सरळ होती. मशीन खरं बोलत होतं. मला अलाइनमेंटवाल्याची मनातल्या मनात माफी मागावी लागली, आणि ते काम मला कधीच जमलेलं नाही.

मग मोजताना चाकं हलू नयेत म्हणून स्टिअरिंगला बांधलेली दोरी मी सोडली.

दुपारचे तीन वाजले होते. शेडमध्ये लख्ख उजेड होता. गाडी बंद, किल्ली वहिनीच्या हातात. पुढची दोन्ही चाकं हळूहळू डावीकडे वळायला लागली. फरश्यांमधलं ग्रीस बारीक चिकचिकलं. आत स्टिअरिंग आपसूक फिरत होतं. चाकं एका जागी येऊन थांबली. मी ती हाताने सरळ केली, हात काढला. ती पुन्हा तिथेच गेली. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेवीस अंश.

"उतार असेल," वहिनी म्हणाली.

मी पाण्याची नळी पुन्हा लावली. उतार नव्हता.

"गाडी उलटी लाव," मी म्हणाले.

तिने गाडी बाहेर काढून मागे तोंड करून लावली. पुन्हा फरश्या, पुन्हा ग्रीस. या वेळी चाकं उजवीकडे गेली, पार टोकापर्यंत.

वहिनी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. "जाताना डावीकडे ओढते," ती सावकाश म्हणाली, "आणि येताना उजवीकडे. मला वाटायचं, मीच दमलेय."

म्हणजे तोंड कुठेही असो, गाडी एकाच दिशेला ओढत होती, आणि ते कसं ते मला कळेना. पण चौतीस वर्षांची सवय हातांत होती, आणि हात पुढचं काम करायला लागले. ज्या गोष्टीचा अर्थ लागत नाही तिची निदान दिशा तरी लिहून ठेवावी. गाडी पुन्हा सुलट लावली, शेडच्या फरशीवर चारही चाकांभोवती रंगाने खुणा केल्या. वळलेल्या चाकाला लागून एक दोरा सरळ फाटकापर्यंत ताणला, तो जिथून गेला तिथे फाटकाच्या चौकटीत खिळा ठोकला. लोखंडाजवळ होकायंत्र बिघडतं, म्हणून वीस पावलं लांब जाऊन दोऱ्याची दिशा घेतली. वहीत लिहिलं: ठिकाण पहिलं, शेड. ओढ: तेवीस अंश डावीकडे. त्यापुढे होकायंत्राचा आकडा. खाली सही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळं सामान गाडीत घालून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तिथे एका शाळेचं सिमेंटचं मैदान आहे. शिपायाने विचारलं, "काय चाललंय?" वहिनी म्हणाली, "अलाइनमेंट." त्याला ते पटलं. चाकं वळली, थांबली. दुसरी दिशा मिळाली.

घरी येऊन जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला, दोन रेघा मारल्या. एका ठिकाणी त्या एकमेकींना छेदून गेल्या. वहिनीने तिथे बोट ठेवलं.

"चला," ती म्हणाली.

"दोन रेघा कुठे ना कुठे छेदतातच," मी म्हणाले. "तिसरी मारल्याशिवाय मोजणी पुरी होत नाही."

"वन्सं!"

"तिसरी."

तिने मला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. पण शनिवारी सकाळी ती मला तिसऱ्या ठिकाणी घेऊन गेली. जुन्या बाजाराच्या गोदामामागे भरपूर जागा होती. तिसरी रेघ मी नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरून तिथेच मारली. पहिल्या दोघींच्या छेदापासून ती केसभर बाजूने गेली. तिन्ही मिळून तिळाएवढा त्रिकोण झाला. नोकरीत इतका लहान त्रिकोण मला कधी मिळाला नव्हता.

त्या तिळाखाली दगडाची एक बंद खाण होती.

जाताना गाडी लोण्यासारखी सरळ गेली. वहिनी एका बोटाने चालवत होती आणि रडत होती. खाणीच्या तळाशी पत्र्याचं पंपघर होतं. दाराला बाहेरून कडी घातलेली नव्हती. आत पंपाच्या ओट्यावर दादा बसला होता.

"आलात?" तो म्हणाला.

वहिनीने त्याच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारलं, मग त्याच छातीवर डोकं ठेवलं. मी, जिने बापाच्या तेराव्यालाही डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, ती पंपाला धरून ओक्साबोक्शी रडले. आम्ही जिंकलो होतो. पोलीस, मशीन, खोक्यातले शर्ट, सगळ्यांवर मात केली होती, ती दोन पाइप आणि आठ फरश्यांच्या जोरावर.

त्याला काही आठवत नव्हतं. बिस्किटं घेतली, आणि मग तुम्ही आलात, एवढंच. पुडा त्याच्या खिशात होता, न फोडलेला. दाढी एका दिवसाची होती. डॉक्टरांनी तपासलं आणि वजन उतरलेलं नाही म्हणून दोनदा वजनकाटा बदलला. येताना स्टिअरिंग फार जड लागतंय असं वहिनी म्हणाली होती. मी म्हटलं, तीन माणसं आहेत गाडीत. त्या दिवशी स्टिअरिंगकडे बघायला कोणाला वेळ होता?

मग तीन आठवडे आमच्या घरात सण असल्यासारखं चाललं होतं. गिऱ्हाईकाला परत पाठवलं. शर्ट पुन्हा खुंटीवर आले. पोलीस अधिकारी येऊन माझ्याशी हात मिळवून गेला. अलाइनमेंटवाला स्वतः आला, शेडमध्ये उकिडवा बसून पाइपांच्या खाचा बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, मला अशी एक जोडी बनवून द्याल?" मी त्याला वर्षभर ताटकळत ठेवायचं ठरवलं. वहिनी गाणी गुणगुणायला लागली. सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे तिने मला वन्सं म्हणणं सोडलं.

दादाही पहिल्यासारखाच होता. मला फूटपट्टी म्हणायचा. आमच्या लहानपणचं सगळं त्याला आठवत होतं, मी विसरलेलंसुद्धा. फक्त गाडीला त्याने हात लावला नाही. वहिनीने दोनदा किल्ली पुढे केली, दोन्ही वेळा तो म्हणाला, "राहू दे, तूच चालव." पण आता तिला कुठे जायचंच नव्हतं.

एका सकाळी मी वही कपाटात ठेवायला घेतली आणि शेवटचा रकाना रिकामा दिसला.

परतीचं माप. मोजणी जिथून सुरू केली तिथे परत यायचं आणि पहिलं माप पुन्हा घ्यायचं. त्याशिवाय वही बंद करत नाहीत. चौतीस वर्षांत मी ते एकदाही चुकवलं नव्हतं, आणि आता आनंदाच्या भरात विसरले होते. मला स्वतःचीच लाज वाटली.

वहिनीने गाडी खुणांवर लावली आणि ती पोळ्यांच्या पिठाकडे वळली. जॅक, फरश्या, नवीन ग्रीस मी एकटीनेच केलं. स्टिअरिंगची दोरी सोडली.

मला खात्री होती. माणूस घरी आला, आता ही चाकं कशाला वळतील?

ग्रीस चिकचिकलं.

चाकं डावीकडे गेली. थांबली.

मी दोरा ताणला. माझे हात स्थिर होते, ते कधीच हलत नाहीत. दोरा फाटकापर्यंत गेला आणि त्याच खिळ्यावरून गेला.

खाण त्याच बाजूला होती. दादा चहा करत होता ते स्वयंपाकघर माझ्या पाठीमागे होतं, आणि तिथून वहिनीच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता.

"काय आलं, फूटपट्टी?"

दादा शेडच्या दारात उभा होता. हातात चहाचे दोन कप. चाकं त्याला स्पष्ट दिसत होती.

मला त्या पंपघराचं दार आठवलं. आत आणखी कोणी आहे का ते न बघताच आम्ही ते येताना ओढून घेतलं होतं.

आत वहिनी गाण्याचं कडवं विसरली आणि आपलंच आपण हसली. किती दिवसांनी ती अशी हसत होती.

"शून्य," मी म्हणाले.

"मग लिही की."

मी वही उघडली. ओढ, या शब्दापुढे शून्य लिहिलं.

त्याने कप बॉनेटवर ठेवले. खाली बघत त्याने डावा पाय चाकाला लावला आणि रेटून ते सरळ केलं. मी सही करेपर्यंत त्याने पाय काढला नाही.