ओबुयाच्या नावाचं फळ

ही गोष्ट खरी आहे. अपोंडी माझी थोरली जाऊ, आणि थापा मारायला तिला वेळच नसतो. किसुमूच्या बाजारात शिवणयंत्रावर वाकून तिची पाठ कामातून गेलीय. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सगळ्यांत आधी तीच उठून जाते. हे तिने मला एकदाच सांगितलं. भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता.

तिचं माहेर न्याकेरे. सरोवराच्या काठावरचं एवढंसं गाव. मागे टेकडी, पुढे पाणी, मधे मूठभर घरं. गोरे पाहुणे येतात, फोटो काढतात, किती सुंदर म्हणतात आणि निघून जातात. त्यांचं काय जातंय म्हणायला.

मोठ्या पावसाचे दिवस होते. अपोंडीचा धाकटा भाऊ ओबुया संध्याकाळी दोघा सोबत्यांबरोबर होडी घेऊन जाळी ओढायला गेला. रात्री वादळ झालं. सोबत्यांची प्रेतं पाण्याने काठावर आणून टाकली.

ओबुया आला नाही.

होडीही आली नाही.

आमच्यात प्रेत सापडलं नाही तर यागो पुरतात. यागो म्हणजे फांदीला दोरीने टांगल्यासारखं लोंबणारं लांबट, जड फळ. मेलेल्याचा सदरा त्याला गुंडाळायचा, त्याच्या नावाने रडायचं आणि माती द्यायची. म्हणजे तो शांत होतो. नाही दिली तर भटकतो, घरच्यांना सुखाने जगू देत नाही.

पण एकदा माती दिली की तो माणूस मेला. पुढे कुणी तेच तोंड घेऊन दारात आलं, तरी त्याला फाटकाच्या आत घेत नाहीत.

घरातले कर्ते ओगुटू काका, अपोंडीचे चुलते. ते लगेच फळ आणायला निघाले होते. अपोंडी आडवी आली. होडी बुडाली असती तर एखादी फळी तरी सापडली असती, ती म्हणाली. वादळाने होडी पलीकडच्या देशात नेली असेल. तिकडचे शिपाई आपली माणसं पकडून तुरुंगात घालतात, हे सगळ्या किनाऱ्याला माहीत होतं. तिने तेवढी एक आशा धरून ठेवली. किसुमूतल्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. कुणी धड उत्तर दिलं नाही.

पाऊस संपला, दक्षिणेचा बोचरा वारा सुटला, तेव्हा ती गावी गेली. काठावर बायका जाळ्यांवर ओमेना वाळत घालत होत्या, ती आमची बोटाएवढी मासळी. आई अंगणात बसली होती. बाई निम्मी झाली होती.

ओबुयाची झोपडी फाटकाजवळ. वयात आलेल्या मुलाची तिथेच असते. दाराला बाहेरून कुलूप होतं.

ऊन उतरलं. अपोंडी अंगण झाडत त्या दारापाशी आली, आणि...

खर्रर... छप्प.

खर्रर... छप्प.

होडीत शिरलेलं पाणी डब्याने उपसताना होतो तो आवाज. लाकडावर डबा खरवडतो, मग पाणी बाहेर पडतं. तिने तो जन्मल्यापासून ऐकला होता.

तो झोपडीच्या आतून येत होता.

तिने कुलूप काढलं. जमीन कोरडी ठणठणीत. डबा नाही की थेंबभर पाणी नाही.

"रोज असंच चालतं," आई मागून म्हणाली. "उपसून उपसून थकला गं माझा पोरगा. त्याला माती देऊ दे."

अपोंडीने तिला समजावलं, रागावली, मिठी मारली. थांब म्हणाली. आणि किसुमूला परत गेली.

वर्षाच्या अखेरीस येणाऱ्या धाकट्या पावसात पुन्हा गेली. सरोवरावर जलपर्णी माजली होती, तिला जांभळी फुलं आली होती. गाव हिरवंगार. बेडकांनी आकाश डोक्यावर घेतलेलं.

फक्त त्या झोपडीभोवती... एकही बेडूक नाही. कोंबड्याही लांबून वळसा घालून जायच्या.

आई रोज संध्याकाळी आत उगाली ठेवायची, आपला मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. एका सकाळी अपोंडीनेच ताट उचललं. उगाली भिजून फुगली होती. ताटाला सरोवराच्या तळच्या गाळाचा वास येत होता.

ओगुटू काका ते ताट बघून तिच्याकडे वळले.

"शहरात राहून एवढंच शिकलीस का? मेलेल्याला ताटकळत ठेवायचं आणि जित्या आईचा जीव घ्यायचा?"

तरी ती नाहीच म्हणाली.

मग उन्हाळा आला. पाणी मागे सरलं, काठाच्या चिखलाला भेगा पडल्या. आईने जेवण सोडलं. अपोंडीने चमच्याने लापशी भरवली तर ती ओठांच्या कडेने बाहेर यायची. आई जाणार, हे तिला दिसत होतं. आणि भाऊ जिवंत असेल तर त्याचं घर आपण कायमचं बंद करणार, हेही दिसत होतं. दोन्हीकडून फास.

भर दुपारी ती झोपडीच्या दाराला कपाळ टेकून बसली. तिला दुसरं काही सुचेना.

"ओबुया, तू नसशील तर सांग मला. मी आता थकले रे."

आत डब्याचा आवाज थांबला.



मग दाराच्या अगदी जवळून, तिच्या कपाळाच्या उंचीवरून, भावाच्या आवाजात कुणीतरी बोललं.

"ताई... थंडी वाजते. माती दे."

ती रडत काकांकडे गेली आणि फळ आणा म्हणाली.

कुंपणालगत, फाटकाच्या डाव्या हाताला त्यांनी यागो पुरलं. ओबुयाचा निळा सदरा गुंडाळून. सारं गाव त्याच्या नावाने रडलं. त्या दिवसापासून झोपडी गप्प झाली. आईने स्वतःहून लापशी मागितली. आपण बरोबरच केलं, असं अपोंडीला वाटलं, आणि पहिल्यांदा तिला गाढ झोप लागली.

पुन्हा मोठा पाऊस सुरू झाला. मका लावायला अपोंडी गावी आली होती. दुपारची एक सर येऊन गेली होती, लख्ख ऊन पडलं होतं.

कुत्रा भुंकत फाटकाकडे धावला... आणि एकदम गप्प झाला.

फाटकात ओबुया उभा होता.

गालफडं बसलेली, डोकं भादरलेलं, अंगात दुसऱ्याचाच सदरा. कुत्रा त्याच्या पायांत लोळत होता.

"काय गं ताई, भूत पाहिल्यासारखी काय बघतेस?" तो हसला. मग त्याची नजर कुंपणाकडे गेली. "ही माती कुणाची? कोण गेलं?"

आईने खांबाला घट्ट धरलं. ओगुटू काकांनी पुढे होऊन काठी फाटकात आडवी धरली. ज्याला पुरलंय तो असाच येतो, ते दबक्या आवाजात म्हणाले. उत्तर द्यायचं नाही. नाव घ्यायचं नाही.

"काका, मी आहे."

काकांची काठी हलली नाही. ओबुयाने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. त्याचं हसू मावळलं.

"मलाच पुरलंत का?"

अपोंडीच्या हातात कुदळ होती. चार पावलं टाकायची होती. नुसतं नाव घ्यायचं होतं. तिला दारामागचा तो आवाज आठवला, आणि पाय जमिनीला खिळले.

तो वळला. पाण्याकडे जाणाऱ्या वाटेने निघून गेला.

मग आईने हंबरडा फोडला. अपोंडी धावत काठावर गेली. मासळी वाळवणाऱ्या बायकांपैकी एक म्हणाली, आत्ताच गेला, डोळे पुसत होता. बाकीच्या म्हणाल्या, कुणीच आलं नाही. आजही त्या शपथेवर तसंच सांगतात.

त्यानंतर लवकरच शेजारच्या गावचा वासोंगा पलीकडच्या तुरुंगातून सुटून आला. खुशाली विचारायला मुद्दाम वाट वाकडी करून आला होता. ओबुया पोचला ना, त्याने विचारलं. तो आमच्या आधी सुटला.

अपोंडीने त्याचा हात धरला. थंडीच्या वाऱ्यात तो तिथेच होता का? धाकट्या पावसात? उन्हाळ्यात?

"तिथेच की. एकाच कोठडीत होतो आम्ही. कुठे जाणार?"

म्हणजे जिवंत भाऊ दारातून परत गेला.

पण मग वर्षभर त्या झोपडीत पाणी कोण उपसत होतं? तिला ताई कुणी म्हटलं? ओबुयाचं नाव घेऊन कुंपणालगतच्या त्या मातीत कोण निजलं?

अपोंडी अजूनही दर मोसमात न्याकेरेला जाते. कुठल्यातरी बेटावर, कुठल्यातरी होडीत भाऊ असेल, हाक ऐकून येईल, म्हणून आधी काठावर उभी राहून पाण्याकडे तोंड करून त्याला हाका मारायची.

आता मारत नाही.

तिने हाक मारली की ओ येते... पाण्याकडून नाही. तिच्या मागून, कुंपणाकडून.

हे लिहिताना मीही ते नाव मोठ्याने उच्चारलेलं नाही.